आर्थर यांचे नाव का नाही?

युद्ध किंवा मंदी वाट्याला आल्याखेरीज अमेरिकेचा कोणी अध्यक्ष थोर ठरत नाही, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. माझी पसंती चेस्टर आर्थर यांना आहे. पक्षकार्यकर्त्यांना सरकारी नोकऱ्या वाटण्याच्या पद्धतीवरच ज्यांचे राजकारण पोसले गेले आणि ज्यांना १८७८ मध्ये अध्यक्ष हेझ यांनी न्यूयॉर्क बंदराच्या सीमाशुल्क प्रमुखपदावरून दूर केले, त्याच आर्थर यांनी, अध्यक्ष गारफिल्ड यांच्या हत्येनंतर स्वतः अध्यक्ष झाल्यावर, १८८३ मध्ये पेंडल्टन कायद्यावर सही करून सरकारी नोकऱ्यांत गुणवत्तेनुसार भरतीचा पाया घातला. सुरुवातीला तो कायदा सुमारे दहा टक्के पदांनाच लागू होता. चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणाऱ्या १८८२ च्या कायद्यावरही त्यांचीच सही आहे (वीस वर्षांच्या बंदीचे आधीचे विधेयक त्यांनी नाकारले होते, इतकेच), आणि तो डाग मी नाकारत नाही.