कॅनार्ड की शेपटी : नाक नक्की कोण सांभाळते?

वायुजिज्ञासू

लढाऊ विमानांच्या स्थैर्याविषयी वाचताना एका ठिकाणी माझी गाडी अडली आहे. कॅनार्ड, म्हणजे मुख्य पंखांच्या पुढे बसवलेले छोटे आडवे पंख, नाक उचलताना वरच्या दिशेने जोर लावतात, तर शेपटीचे आडवे पंख त्याच कामासाठी विमानाचा मागचा भाग खाली दाबतात. त्यामुळे शेपटीच्या विमानात लिफ्टचा, म्हणजे विमान उचलून धरणाऱ्या जोराचा, काही भाग वाया जातो, असे सर्रास सांगितले जाते. हे खरे असेल, तर राफाल, टायफून आणि ग्रिपेन यांना कॅनार्ड असताना एफ-22 आणि एफ-35 यांनी शेपटीच का ठेवली? रडारपासून लपण्यासाठी म्हणावे, तर जे-20 ला कॅनार्ड आहेतच.

गुरुत्वमध्य

आपला युक्तिवाद स्थिर विमानापुरता बरोबर आहे. पण आजची बहुतेक लढाऊ विमाने ध्वनीपेक्षा कमी वेगात मुळात स्थिर नसतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे. गुरुत्वमध्य न्यूट्रल पॉइंटच्या (नाक वर-खाली झाल्यावर बदलणारी लिफ्ट जिथे एकवटते, त्या बिंदूच्या) पुढे असेल, तर वाऱ्याच्या झोताने वर गेलेले नाक आपोआप खाली येते, मात्र असा समतोल राखण्यासाठी शेपटीला बहुधा खाली दाबत राहावे लागते आणि तेवढा जादा भार पंखांवर पडतो. 1974 साली प्रथम उडालेल्या एफ-16 मध्ये गुरुत्वमध्य मुद्दाम मागे ठेवला गेला. तसे केले की शेपटीचा खाली दाब कमी होतो, आणि काही स्थितींत तीच लिफ्ट देऊ लागते.

कॅनार्डच्या विमानात हाच गुरुत्वमध्य मागे नेला की उलटे घडते, म्हणजे कॅनार्डवरचा भार उतरतो, कारण नाक वर जायला टपलेलेच असते. वैमानिकाने दांडा ओढल्यावर कॅनार्ड क्षणभर नाक उचलण्याच्या बाजूला वळतात आणि नाक उठू लागताच त्याला आवरण्यासाठी उलट फिरतात. ज्याला आपण उचलणारा समजतो, तो बराच वेळ लगाम धरून बसलेला असतो. पहिल्या क्षणाचा फरक मात्र खरा आहे: शेपटीचे विमान वर जाण्यापूर्वी किंचित खाली बसते, कॅनार्डचे बसत नाही.

डेल्टाप्रेमी

वरील उत्तरात एक भर घालतो. कॅनार्ड सहसा एकटे निवडले जात नाहीत, ते डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंखाच्या पाठोपाठ येतात. मिराज-3 सारख्या बिनशेपटीच्या डेल्टा विमानात उतरताना नाक वर धरण्यासाठी पंखांच्या मागच्या कडा वर वळवाव्या लागतात, म्हणजे लिफ्टची सर्वाधिक गरज असताना तीच घटते आणि विमान फार वेगात धावपट्टीवर येते. 1967 साली उडालेल्या साब विगनने यावर फ्लॅप (लिफ्ट वाढवण्यासाठी खाली वळणारी मागची कड) लावलेले, पण स्वतः न हलणारे कॅनार्ड हा उपाय शोधला. ते विमान 500 मीटरच्या पट्टीवर उतरवण्याच्या अटीवरच घडवले गेले होते.

शिवाय पंखाला खेटून असलेल्या कॅनार्डवरून निघणारे भोवरे मुख्य पंखावरचे लिफ्ट वाढवणारे भोवरे लवकर फुटू देत नाहीत. राफाल आणि ग्रिपेन या जातीचे आहेत. टायफूनचे कॅनार्ड थेट कॉकपिटच्या पुढे असल्याने तेथे भोवऱ्यांपेक्षा लांब तरफेचा फायदा मोठा आहे. या दोन मांडण्यांना एकाच नावाने ओळखतात, ही मला तरी गैरसोयच वाटते. ग्रिपेन उतरताना नीट पाहा: चाके टेकल्यावर कॅनार्ड पुढच्या कडेने खाली झुकून जवळजवळ उभे होतात आणि ब्रेकसारखे वारा अडवतात.

वायुजिज्ञासू

उचलण्याचे समजले. पण अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारा वारा यांतला कोन) फार वाढल्यावर नाक खाली आणण्याचे काय?

गुरुत्वमध्य

अस्थिर विमानाची खरी परीक्षा तीच. त्या वेळी शेपटीला वरच्या दिशेने लिफ्ट द्यावी लागते. पंखांमागचा खाली वळलेला प्रवाह तिला थोडा दिलासा देतो, पण तिचा स्वतःचा कोन आणखी वाढवायचा असल्याने ती स्टॉल होण्याची, म्हणजे प्रवाह सुटून तिची लिफ्ट कोसळण्याची, भीती असते. कॅनार्डला फक्त पुढची कडा खाली करून वाऱ्याच्या रेषेत यायचे असते. त्याची लिफ्ट जाते आणि नाक खाली येते. मात्र तो पूर्ण मोकळा झाल्यावर त्याच्याकडे देण्यासारखे फारसे उरत नाही, पुढचे काम पंखांच्या मागच्या कडांचे. एफ-16 साधारण 60 अंशांच्या आसपास डीप स्टॉलमध्ये, म्हणजे नाक नेहमीच्या नियंत्रणाने खाली येत नाही अशा स्टॉलमध्ये, अडकू शकते. तेव्हा वैमानिकाला उड्डाण नियंत्रित करणाऱ्या संगणकाने घातलेली मर्यादा बाजूला सारणारा स्विच दाबून धरावा लागतो आणि झोका देतात तसे दांडा पुढे-मागे हलवून नाक खाली पाडावे लागते. ब्लॉक 15 पासून तिची शेपटी मोठी करण्यात आली.

एफ-22 ने या अडचणीवर वर-खाली 20 अंश वळणाऱ्या नोझलचा (इंजिनाचा झोत बाहेर सोडणाऱ्या तोंडाचा) आधार घेतला, त्यामुळे कॅनार्डचा हा फायदा त्याला तितका लागत नाही. आणि समोरून दिसणाऱ्या भागात सतत हलणारी कड ठेवण्याचा तोटा टळतो. जे-20 च्या रचनाकारांनी तो तोटा पत्करून डेल्टा पंखाची लिफ्ट निवडली, असे मी मानतो.

डेल्टाप्रेमी

सुखोईचे उदाहरण येथे बोलके आहे. सुखोई-27एम च्या नाकात जड रडार आल्याने गुरुत्वमध्य पुढे सरकला, तेव्हा कॅनार्ड लावून न्यूट्रल पॉइंटही पुढे आणला गेला. शेपटी होती तशीच राहिली. पुढे 2008 साली उडालेल्या सुखोई-35 मध्ये नोझल वळवण्याची सोय आणि नवी नियंत्रणप्रणाली आली, आणि कॅनार्ड काढून टाकले गेले.