मदत हवी आहे: सागवानी नेकवरचा फ्रेटबोर्ड सुटतोय

इलेक्ट्रिक गिटार, बोल्ट-ऑन नेक (बॉडीला स्क्रूने जोडलेली मान), स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच. नेक पाडलेल्या वाड्यातल्या जुन्या सागवानी तुळईचा, फ्रेटबोर्ड (नेकवर चिकटवलेली, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या असलेली फळी) शिसमचा ६ मिमी, ट्रस रॉड (नेकचा बाक आवरणारी आतली सळई) दोन्हीकडे फिरणारा. तारा १०-४६ (जाडी, हजारांश इंचात), स्टँडर्ड ट्युनिंग. जोड सुतारकामाच्या पांढऱ्या पीव्हीए डिंकाचा, क्लॅम्प २४ तास.

गिटार लातूरला पत्र्याच्या खोलीत असते, मे महिन्यात आत हात भाजतो. नटपासून (वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) तिसऱ्या फ्रेटपर्यंत, जाड तारांच्या बाजूने फट पडली आहे, ०.१ मिमीचा फीलर गेज सहज आत जातो. रिलीफ (तारांच्या ताणाने नेकला येणारा बाक) ०.२५ वरून ०.६ मिमी झाला. रॉड पाव फेरा आवळला तर रिलीफ उतरला, पण फट वाढली, म्हणून रॉड सैल करून तारा काढून ठेवल्या आहेत. फटीत पातळ सुपरग्लू सोडून पाहिला, दोन दिवस टिकला.

चूक बहुधा माझीच: रंधा मारल्यावर दोन दिवसांनी चिकटवलं आणि ॲसिटोनने पुसलं नाही. सागवानाचं तेल तोवर वर आलं असणार. शिवाय उन्हाच्या तापात पीव्हीए ताणाखाली सरकतो, हे वेगळंच.

आता पूर्ण बोर्ड काढायचा आहे. फ्रेट बसवलेले आहेत, डॉट (खुणेचे ठिपके) प्लास्टिकचे आहेत, त्यामुळे डिंक मऊ करायला इस्त्री थेट ठेवता येत नाही. नवा नेक करायचा नाही.

डॉट आधी ड्रिलने काढून मग इस्त्री आणि पातळ पात्याने सोडवू, की दुसरा मार्ग आहे? आणि परत चिकटवताना हळू सुकणारा इपॉक्सी पत्र्याखालच्या उष्णतेत टिकेल का, की सरस (जनावरांच्या कातड्याचा डिंक) बरा? रॉडच्या खाचेत इपॉक्सी उतरू नये म्हणून तुम्ही वर काय लावता?