दामले यांचे सूत्रसंचालन आणि नाटक

सूत्रसंचालनात रमल्यामुळे प्रशांत दामले यांच्यातला नट मागे पडला, हे मत मला पटत नाही. ‘आम्ही सारे खवय्ये’ या दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनामुळे ते घराघरांत पोहोचले हे खरे, परंतु ‘मोरूची मावशी’पासून ‘एका लग्नाची गोष्ट’पर्यंत विनोदाचे अचूक टायमिंग आणि रंगमंचावरचे प्रत्यक्ष गाणे यांची सांगड घालणाऱ्या या नटाने नाटक कधीच सोडले नाही. ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात त्यांचा १२,५००वा प्रयोग झाला. उलट, कॅमेऱ्यासमोर प्रथमच उभ्या राहिलेल्या व्यक्तीला बोलते करताना त्यांना उपयोगी पडली ती सहकलाकाराचे वाक्य मनापासून ऐकण्याची सवय, आणि ती (माझ्या मते) निव्वळ रंगभूमीची देणगी आहे.