बनवलेल्या भाषेतला अख्खा अल्बम, हा ऐकायचा तरी कसा?

देवगडचो_हापूस
मंडळी, परवा रात्री पाऊस, लाईट गेलेली (आमच्याकडे दोन ढग दिसले की जाते), मोबाईलला ३० टक्के चार्ज, आणि मावसभावाने पेनड्राइव्हवर टाकून दिलेलं मॅग्मा नावाच्या फ्रेंच बँडचं ‘मेकानिक देस्त्रुक्तिव कोमांदो’ लावलं. १९७३चा अल्बम. पिंक फ्लॉइड, येस, किंग क्रिमसन या रॉक बँडपर्यंत माझी गाडी नीट चालली होती पण हे काहीतरी भलतंच आहे. आधी वाटलं जर्मन, मग रशियन, मग शोधल्यावर कळलं की भाषाच बनवलेली आहे, कोबायन म्हणून, आणि बनवली कोणी तर ड्रमरने. इअरफोनची एक बाजू बंद पडलीय म्हणून स्पीकरवर लावलं तर आई माजघरातून ओरडली, “रे, ह्या काय लावलंस? कोणाच्या अंगात इला?”

तर प्रश्न असा की याला अर्थ आहे का नुसते आवाज? शब्द कळत नसताना मान डोलवायची म्हणजे मला स्वतःलाच फसवल्यासारखं वाटतं. आणि जवळजवळ ४० मिनिटं तेच तेच घोळवतायत, लक्ष द्यायचं कुठे?

पखवाजवालो_कणकवली
आईंनी बरोबर ओळखलंय, अंगात येण्याचंच म्युझिक आहे ते 😄

मी भजनात पखवाज वाजवतो, डबलबारीला (दोन बुवांचा भजनाचा सामना) बऱ्याचदा साथ केलीय, त्यामुळे मी हे कायम ड्रमकडून ऐकतो. तो ड्रमर म्हणजे क्रिस्तियाँ वाँदेर, १९६९ला पॅरिसमध्ये बँड काढला, माणूस जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवाल्याचा परमभक्त, म्हणजे मुळात जॅझवाला, रॉकवाला नाहीच. आता तू पहिला ट्रॅक परत लाव, साडेनऊ मिनिटांचा आहे, आणि गाणाऱ्यांकडे बघूच नको. पियानो आणि बेस एकाच ठेक्याला धरून बसलेत, कोरस त्यावर चढत चढत जातो, आणि वाँदेर झांजेवर (सिंबल रे) सारखा काहीतरी बारीक बदलत असतो. आपला गजर कसा, एकच ओळ, बुवा म्हणणार मग पाठीमागचे म्हणणार, दहाव्यांदा म्हणताना लय कुठच्या कुठे गेलेली असते आणि म्हातारी माणसंपण झांजा घेऊन उभी राहतात. दहाव्यांदा ती ओळ ऐकताना कोण अर्थ शोधतो? आणि धुमकिट तकिट तका चा अर्थ मला आजवर एकाने विचारलेला नाही.

मांडवी_जेट्टी
पखवाजवाले, गजर पटला, धुमकिट नाही पटलं. बोल हे बोल असतात, त्यांच्यामागे गोष्ट नसते. इथे आहे. १९७०च्या पहिल्या डबल अल्बममध्ये काही माणसं पृथ्वीला कंटाळून निघून जातात आणि कोबाया नावाच्या ग्रहावर वस्ती करतात, ही भाषा त्यांची. म्हणजे आधी गाव वसवलं आणि मग गावाची बोली केली, उगाच तोंडाला येईल ते नाही. देवगडकर तुम्ही लावलेल्या अल्बममध्ये नेबेर गुदात नावाचा एक प्रेषित पृथ्वीवरच्या लोकांना सांगतो की स्वतःला शुद्ध करा नाहीतर वाट लागेल, लोक आधी त्याच्यावरच चाल करून जातात आणि चालता चालता एकेकाच्या डोक्यात उजेड पडत जातो. ते तुम्हाला जे तेच तेच वाटतंय ना, तो मोर्चा आहे. पायच वाजतायत. एवढं माहीत असलं की ४० मिनिटं कमी वाटतात.

गंमत म्हणजे ही तीन भागांतली गोष्ट आणि हा त्यातला तिसरा भाग, जो आधी आला! दुसरा १९७४ला आला, पहिला बरीच वर्षं नुसता कार्यक्रमांत वाजवायचे. त्यामुळे क्रमाने ऐकायचा नाद सोडा.

मोती_तलाव
मला तराणा आठवतो, आपल्या शास्त्रीय गाण्यातला तो तोम तन देरेना वाला प्रकार. उस्ताद अमीर खाँसाहेबांचं म्हणणं होतं की तराण्यातल्या शब्दांना फारसीत अर्थ आहे, ते निरर्थक नाहीत. म्हणजे आपल्याकडेपण हा वाद जुनाच आहे. मी दोन वर्षं गाणं शिकले तेव्हा तदीम तन देरेना घोकताना ‘दे’वर जोर का आणि ‘ना’वर का नाही यावर बाईंनी हातावर पट्टी मारलेली आहे, अर्थावरून कधीच नाही.

वाँदेरचंपण तेच म्हणणं की फ्रेंच त्याच्या गाण्याला पुरत नव्हती, त्याला टणक व्यंजनं हवी होती. फ्रेंच ऐकलीय ना, शब्दाचं शेपूट गिळतात. कोबायन मध्ये सगळे क, त, ख दातावर आपटतात.

उलट टोक ऐकायचं असेल तर सिगुर रोस, आइसलंडचे, त्यांचा २००२चा अल्बम ज्याचं नाव म्हणजे नुसता एक रिकामा कंस आहे. त्यात खरंच अर्थ नाही आणि सोबतच्या पुस्तिकेत कोरी पानं दिलेली, काय वाटेल ते तुम्हीच लिहा म्हणून. मला तो आवडतो पण झोप येते. मॅग्मा लावून कोणी झोपून दाखवा.

वेंगुर्ल्याचो_झिलगो
माका शब्द एक कळाक नाय पण ढोल बरो वाजयता मेलो. शिमग्याक लावा.

पखवाजवालो_कणकवली
@मांडवी_जेट्टी मोर्चाचं माहीत नव्हतं, मान्य. आता परत ऐकायला लागणार. बाकी ‘झ्यूल’ हा शब्दपण त्याच भाषेतला ना, आता त्या सगळ्या प्रकारच्या म्युझिकलाच झ्यूल म्हणतात. जपानमध्ये रुइन्स म्हणून नुसता ड्रम आणि बेस, दोघांचाच बँड, तेपण स्वतःची भाषा करून गातात. एका माणसाने ग्रह काढला आणि जपानपर्यंत भाडोत्री राहायला आले.

देवगडचो_हापूस
सगळ्यांना थँक्स. काल एसटीने कणकवलीला जाताना नवीन इअरफोनवर परत लावलं, खिडकीची काच सारखी वाजत होती, ती मोर्चाचं वाचल्यामुळे की काय बरोबर ठेक्यात वाटायला लागली. पहिला ट्रॅक लागला डोक्यात. मधे एक ठिकाण आहे जिथे बायका आणि पुरुष आलटून पालटून अंगावर येतात तिथे मला आपलं गाऱ्हाणं आठवलं, गावकर बोलतो आणि सगळे एकदम “व्हय म्हाराजा”. तिसरा ट्रॅक अजून झेपत नाही, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी घरी आलो तर आई विचारते, “आज ता अंगात येणारा लावलंस नाय?”