नॅरोबोट बांधून घ्यायची आहे : खर्चाचा अंदाज आणि अनुभवी सल्ला हवा

सुरंगी

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं गेली एकोणीस वर्षं इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आहोत. लेक शिकायला बाहेर पडली, ह्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली. ग्रँड युनियन कालवा घरापासून दहा मिनिटांवर आहे. रोज संध्याकाळी काठाने चालताना बोटींच्या धुरांड्यांचा कोळशाचा वास येतो, छपरांवर रचलेली लाकडं आणि कुंड्या दिसतात. गेल्या उन्हाळ्यात लँगॉलेन कालव्यावर आठवडाभर भाड्याची नॅरोबोट (अरुंद कालव्यांसाठीची लांबट, राहण्याजोगी बोट) घेतली आणि पाँटकसुल्टेचा जलसेतू ओलांडला. एका बाजूला कठडाच नाही, खाली ३८ मीटरवर डी नदी, आणि आपण १८०५ साली खुल्या झालेल्या लोखंडी पन्हळीतून बोट हाकतोय. त्या दिवशी ह्यांनी सुकाणू हातातून सोडलं नाही. परत आल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

वर्षातले निदान आठ महिने बोटीवर राहायचं असं ठरवलंय. घर विकणार नाही, भाड्याने देऊ. ५७ फुटी बोट हवी, आणि एकूण १,३०,००० पौंड बाजूला काढता येतील. यार्डाकडून, म्हणजे बोट बांधणाऱ्यांकडून, पूर्ण तयार बोट घ्यावी, सेलअवे (इंजिनासकट चालती, पण आतून रिकामी बोट) घेऊन आतलं काम स्वतः करावं, की जुनी घ्यावी? ह्यांना सुतारकाम चांगलं येतं, विजेचं अजिबात नाही. दरवर्षीचा खर्च किती धरावा हेही सांगा. आणि माझा स्वतःचा प्रश्न : त्या बोटीत कुकर, मिक्सर, फोडणी असं आपलं स्वयंपाकघर नीट चालतं का?

ट्रेंटकाठ

सुरंगीताई, मी २०२० पासून बोटीवरच राहतो. सेलअवे घेतली आणि आतलं काम सव्वादोन वर्षांत स्वतः पुरं केलं. सविस्तर लिहितो.

५७ फुटांचा निर्णय उत्तम. इथल्या अरुंद कालव्यांची लॉक (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणारे दरवाज्यांचे हौद) सात फूट रुंदीची, म्हणून बोट सहा फूट दहा इंच. ही रुंदी अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्याच्या कालव्यांपासून ठरून गेली आणि आजही आपल्याला तीच पाळावी लागते. लांबी मात्र सत्तर-बहात्तर फुटांपर्यंत नेता येते, पण उत्तरेकडे काही लॉक आखूड आहेत. ५७ फुटी बोट जवळजवळ सगळीकडे जाते.

गेल्या हिवाळ्यात एका मित्रासाठी आम्ही तीन यार्डांकडून दर मागवले. ५७ फुटी, इंजिन बसवलेली, खिडक्या-दारं लावलेली, फोम मारून आतून प्लाय लावलेली सेलअवे ७८,००० ते ९५,००० पौंड, २० टक्के व्हॅटसह. पूर्ण तयार बोट एकानेही १,६०,००० च्या खाली सांगितली नाही. म्हणजे तुमच्या आकड्यात पूर्ण तयार नवी बोट बसत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. सेलअवे बसते, पण उरलेले सगळे पैसे आतल्या कामाचे समजू नका. त्यातले पंधरा हजार वेगळ्या खात्यात टाका आणि बोट पाण्यात उतरेपर्यंत त्यांना हात लावू नका. क्रेन, ट्रकने बोट आणण्याचं भाडं, पहिला विमा, पहिलं लायसन्स, मूरिंगची (बोट बांधून ठेवायच्या जागेची) अनामत हे सगळं एकाच महिन्यात येतं.

नुसतं रिकामं शेल, म्हणजे पोलादी सांगाडा, घेऊ नका. स्वस्त दिसतं, पण त्यात इंजिन बसवणं आणि पंखा फिरवणाऱ्या शाफ्टची रेषा जुळवणं हे सुतारकाम येणाऱ्या माणसाचं काम नाही.

इन्सुलेशनसाठी स्प्रे फोमच घ्या. थर्माकोलचे तक्ते स्वस्त पडतात, पण पोलादाला घट्ट चिकटत नाहीत, मागच्या फटीत दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी धरते. शिवाय थर्माकोलला विजेच्या तारा टेकल्या की तारेवरचं पीव्हीसी हळूहळू कडक होऊन तडकतं. हे मी एका जुन्या बोटीची भिंत उघडताना डोळ्यांनी पाहिलंय : तार बोटाने वाकवली आणि आवरण बांगडीसारखं तुटून हातात आलं.

वीज मात्र माणूस लावूनच करून घ्या. बोटीत १२ व्होल्ट. बॅटरी मागे आणि फ्रिज बारा मीटर पुढे असेल तर घरगुती जाडीची तार चालत नाही, फ्रिजपर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज पडतं. मी पहिल्यांदा बारीक तार टाकली होती. सगळी भिंत उघडून पुन्हा टाकावी लागली, तीन आठवडे आणि सहाशे पौंड गेले.

आता वार्षिक खर्च, माझ्या मागच्या वर्षीच्या वहीतून. कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टचं लायसन्स तेराशेच्या आसपास, मिडलंड्समधल्या मरीनात (बोटींच्या तळावर) मूरिंग ३,४००, विमा २६०, डिझेल ९००, कोळसा आणि गॅस मिळून ८५०, इंजिनाचं तेल-फिल्टर १८०. बुडाला डांबर मारण्यासाठी दरवर्षी ५०० बाजूला टाकतो, किरकोळ दुरुस्ती आणि पुढच्या बॅटऱ्यांसाठी १,०००. सगळं मिळून ८,४०० च्या घरात. लंडनकडे मूरिंग याच्या कितीतरी पट महाग. कायमचं मूरिंग न घेताही राहता येतं, पण १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, सतत पुढे सरकावं लागतं. आणि २०२४ पासून अशा बोटींच्या लायसन्सवर अधिभारही लागतो.

निशिगंध

आम्ही २००६ ची जुनी बोट ६२,००० ला घेतली. आधी बोट पाण्याबाहेर काढून स्वतंत्र सर्व्हेअरकडून पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने मोजून घेतली. ४ मिलिमीटरच्या खाली गेलेली जागा असली की विमावाले कुरकुर करतात. सुरंगी, पहिली दोन वर्षं जुनी बोट वापरून बघ. स्वयंपाकघर कुठे हवं, न्हाणीघर किती पुरतं, हे राहिल्याशिवाय कळत नाही. मग नवी बांध.

दर्यावर्दी

मी वेंगुर्ल्याचा, हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. सध्या स्टॅफर्डशायरमध्ये स्टोनजवळ आमची बोट असते. ट्रेंटकाठ यांनी आतलं लिहिलं, मी बुडाचं लिहितो.

कोटेशनमध्ये १०/६/४ असं लिहिलेलं बघा : तळाला १० मिलिमीटर, बाजूंना ६, केबिनला ४. तळ आणि बाजू यात कोणी काटकसर सुचवली तर त्या यार्डाकडून बाहेर पडा. आतली फळी उद्या बदलता येते, तळ बदलता येत नाही.

आमच्याकडे पावसाआधी होड्या ओढून घेतात, डागडुजी करतात आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा दर्यात लोटतात. इथे कालव्यावर तशी तिथी नाही, म्हणून लोक टाळत राहतात. दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून बूड धुवायचं, खरवडायचं, डांबर मारायचं. नवी बोट असेल तर पहिल्यांदाच ग्रिट ब्लास्ट करून (खरखरीत कणांचा मारा करून पत्रा साफ करून) दोन घटकांचं इपॉक्सी लावून घ्या. महाग आहे, पण कितीतरी जास्त टिकतं, आणि पोलाद नवं असताना ते सहज बसतं. गोड्या पाण्यात अ‍ॅनोड मॅग्नेशियमचे हवेत, पोलादाऐवजी तेच झिजतात. मरीनात किनाऱ्याची वीज जोडणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आधी बसवा, नाहीतर शेजारच्या बोटीपायी तुमचं पोलाद झिजेल.

बॅलास्टबद्दल, म्हणजे बोट स्थिर राहावी म्हणून तळाशी ठेवायच्या वजनाबद्दल, कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. कोकणात जुने लोक त्याला नीरम म्हणत. नॅरोबोटीत जमिनीखाली काँक्रीटच्या लाद्या किंवा इंजिनिअरिंग विटा रचतात, काही टन. स्वयंपाकघराचं सगळं सामान डाव्या बाजूला घेतलंत, ओव्हन, फ्रिज, धान्याचे डबे, की बोट डावीकडे कलते. आमची कलली. टेबलावर वाटाणा ठेवला की घरंगळत खिडकीशी जायचा. बरं झालं, मी जमिनीत चार झाकणं ठेवली होती. ती उघडून अकरा लाद्या डावीकडून उजवीकडे हलवल्या तेव्हा बोट सरळ झाली. तेव्हा फरशी कायमची ठोकून टाकू नका. झाकणांतून खाली पाणी साठलंय का तेही बघता येतं.

दर चार वर्षांनी बोट सेफ्टीचं प्रमाणपत्र लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म त्यात सक्तीचा आहे, पण सक्ती नसती तरी मी लावला असता. कोळशाची शेगडी आणि बंद खिडक्या हा जिवावरचा मामला आहे.

सुरंगी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! ह्यांनी प्रिंट काढून खुणा करायला घेतल्यात.

निशिगंध, तुझं पटतंय, पण ह्यांना स्वतःच्या हाताने करायची हौस आहे, आणि ती मला मोडायची नाही. सेलअवेकडेच कल आहे. ट्रेंटकाठ, यार्ड पैसे टप्प्याटप्प्याने मागतात म्हणे. ते कसं सांभाळायचं? आणि पुढे बोट विकावीशी वाटली तर स्वतः केलेल्या कामाची अडचण येते का?

ट्रेंटकाठ

आधी दुसऱ्या प्रश्नाचं. स्वतःसाठी स्वतः बांधलेल्या बोटीला २०१७ च्या नियमांत सूट आहे, पण वापरात आणल्यापासून पाच वर्षं ती बाजारात आणायची नाही. त्याआधी विकायची तर बांधकामानंतरची तपासणी करून घ्यावी लागते, ती खर्चिक आहे. पहिल्या दिवसापासून बिलं, फोटो, वायरिंगचे नकाशे एका फायलीत ठेवा. पुढे कुणालाही दाखवायला तेच लागतात.

आता पैशाचं. हे मला लिहायचंच होतं.

२०१८ मध्ये मी एका यार्डाला बुकिंगचे आणि पोलादाच्या टप्प्याचे मिळून २२,००० पौंड दिले. यार्डाचं नाव इथे लिहीत नाही. दर पंधरा दिवसांनी जाऊन बघायचो. शेडमध्ये तळाचा पत्रा अंथरलेला होता, त्यावर खडूने माझ्या ऑर्डरचा नंबर. मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला होता. दोन महिन्यांनी यार्डाला टाळं लागलं. मालमत्ता मोजायला आलेल्या माणसाने विचारलं, हा पत्रा तुमचा असल्याचा कागद दाखवा. माझ्याकडे पावत्या होत्या, पैसे दिल्याच्या. पत्रा माझा झाल्याचा कागद नव्हता. खडूचा आकडा कागद होत नाही. मी इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत शेवटी उभा राहिलो, हाती काही आलं नाही, आणि वर्षभर मी कालव्याकडे फिरकलो नाही.

दुसऱ्या वेळी मी करार एका वकिलाला वाचायला दिला. बरेच यार्ड ब्रिटिश मरीन या बोट-उद्योगाच्या संघटनेचा नमुना करार वापरतात. कुठलाही असो, त्यात एक गोष्ट स्वच्छ लिहिलेली हवी : प्रत्येक हप्ता दिला की तोवर झालेलं काम आणि माझ्या बोटीसाठी आणलेलं सामान माझ्या मालकीचं. शेलवर ओळख क्रमांक कोरलेला हवा आणि तोच करारात हवा. बोट यार्डात असताना तिचा विमा कोणाच्या नावे आहे ते विचारा. हप्ता तारखेवर देऊ नका, झालेल्या कामावर द्या, आणि तेही स्वतः जाऊन बघितल्यावर. शेवटचा हप्ता बोट पाण्यात चालवून बघेपर्यंत हातात ठेवा. दुसऱ्या यार्डाने हे सगळं एका बैठकीत मान्य केलं. जो यार्ड यावर नाराज होतो तिथे पैसे गुंतवू नका, मग त्यांचं वेल्डिंग कितीही सुंदर असो.

आणि इंजिन, स्टोव्ह, खिडक्या मी परस्पर विकत घेतल्या, बिलं माझ्या नावाची.

निशिगंध

ताई, तुझ्या स्वयंपाकघराचं राहिलंच. सगळं चालतं! गॅसचे सिलिंडर पुढच्या टोकाच्या वेगळ्या कप्प्यात असतात, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. त्या कप्प्यातून तो थेट बाहेर पाण्यावर जातो. गॅसचं काम 'गॅस सेफ' या गॅस-कारागिरांच्या नोंदणीतल्या, बोटींचं काम येणाऱ्या माणसाकडूनच कर. शेगडी चार बर्नरची घे, पण दोन मोठ्या भांड्यांमध्ये अंतर आहे का ते दुकानात कुकर नेऊन बघ, मी नेला होता. मिक्सरसाठी प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर, निदान दोन हजार वॉटचा. इडलीचं पीठ आम्ही दुपारी ऊन असताना वाटतो, सोलर पॅनलवर भागतं. हिवाळ्यात इंजिन चालू असताना. कुकरच्या तीन शिट्ट्यांची वाफ थंडीत खिडक्यांवरून ओघळते, म्हणून शेगडीच्या बरोबर वर छपरात झरोका ठेव. फोडणीचा ठसकाही तिथूनच जातो.

आणि एक कर : हॉलमध्ये जमिनीवर चिकटपट्टीने सहा फूट रुंदीची पट्टी आख. अस्तर लागल्यावर आत जेमतेम तेवढंच उरतं.

सुरंगी

पट्टी हॉलमध्ये मावेना. पुढचा-मागचा डेक वजा करून आत चाळीसेक फूट उरतात म्हणून परसात दोरी लावली. शनिवारभर आम्ही त्या दोरीच्या आत होतो. मी पोळ्या लाटायच्या जागी उभी राहिले की ह्यांना न्हाणीघराकडे जाता येईना. दोनदा नकाशा बदलला. आता पलंग मागे, न्हाणीघर मधे, ओटा दोन्ही बाजूंना विभागलाय, म्हणजे दर्यावर्दीकाकांच्या वाटाण्याचाही बंदोबस्त झाला. देवघर पुढच्या दाराशी पूर्वेला धरलं होतं, पण बोट वळली की पूर्व कुठे राहते! ते आता शेगडीशेजारच्या कोनाड्यात.

मे महिन्यात क्रिकला बोटींचं प्रदर्शन आहे, तिथे तीन यार्डांना भेटायचं ठरलं. ट्रेंटकाठ, मालकीच्या कलमाचा मजकूर तुमच्या करारात नेमका कसा होता, तो मला निरोपातून पाठवाल का? वकिलाची वेळ गुरुवारी घेतली आहे.

ट्रेंटकाठ

आज रात्री पाठवतो. माझा वैयक्तिक तपशील झाकून दोन पानांचे फोटो काढतो. गुरुवारी वकिलाला सांगा, सामानाची यादी कराराला जोडायची आणि प्रत्येक हप्त्याला तिच्यावर यार्डाची सही घ्यायची. क्रिकला मीही आहे, शनिवारी.