आरएमबीत (निवृत्तीच्या वेळच्या लष्करी वैद्यकीय बोर्डात) हृदयविकार ३० टक्के, तरी डिसॅबिलिटी पेन्शन नाही. आता अपील कसं करायचं?

वानवडीकर:
नमस्कार. वडील खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून २०१६ मध्ये मुदत पूर्ण करून निवृत्त झाले. २०१४ मध्ये पुण्यातच पोस्टिंग असताना हार्ट अटॅक आला, एआयसीटीएसला (लष्कराच्या हृदयरोग रुग्णालयात) अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. त्याच्या सात महिने आधीपर्यंत ते काश्मीरमध्ये राष्ट्रीय रायफल्सला होते. रिलीज मेडिकल बोर्डाने ‘आयएचडी (इस्केमिक हार्ट डिसीज, म्हणजे हृदयविकार), ३० टक्के, आजीवन’ लिहिलं, पण शेरा एनएएनए. रेकॉर्ड ऑफिसचं नकाराचं पत्र आलं तेव्हा अपील केलं नाही. नुसती सर्व्हिस पेन्शन चालू आहे. आता काही होऊ शकतं का? एक वकील म्हणतात थेट एएफटीत (सैन्यदलांच्या न्यायाधिकरणात) जाऊ. ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) बिलं आणि नंतरचे रिपोर्ट सगळे जपून ठेवलेत, ते लावू का?

फाइलवाचक:
होऊ शकतं. पण बिलांचा गठ्ठा बाजूला ठेवा. वडिलांना हृदयविकार आहे हे बोर्डाने स्वतःच लिहून दिलंय, ते सिद्ध करायची गरज नाही. वाद आहे तो फक्त कारणाचा: आजार नोकरीमुळे झाला का, किंवा नोकरीमुळे बळावला का. एनएएनए म्हणजे बोर्डाचं म्हणणं, दोन्ही नाही.

म्हणून पहिलं काम आरएमबीची पूर्ण प्रत मिळवणं. फॉर्म एएफएमएसएफ-१६. घरी नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे आरटीआय टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘सर्व कागद द्या’ असं मोघम लिहू नका. आरएमबी, २०१४ पासूनचे कॅटेगरायझेशन बोर्ड (वैद्यकीय श्रेणी ठरवणारे), अटॅकच्या वेळी युनिटने भरलेला चौदा दिवसांचा चार्टर ऑफ ड्युटीज (अटॅकआधी काय काम होतं त्याची नोंद) आणि नकाराचं पत्र, अशी नावं घालून मागा. अँजिओग्राफीचा मूळ रिपोर्ट आणि डिस्चार्ज समरी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे वेगळी मागा.

प्रत आली की दोन जागा बघा. सुरुवातीला वडिलांचं स्वतःचं निवेदन असतं. त्यात कुठे कुठे नोकरी केली आणि ती जागा पीस (शांत ठिकाण) की फील्ड (मोहिमेचा भाग), ते लिहिलेलं असतं. राष्ट्रीय रायफल्सचा काळ तिथे बरोबर नोंदलाय का, तारखांसकट तपासा. पुढे बोर्डाच्या मताचा तक्ता येतो: अॅट्रिब्यूटेबल (नोकरीमुळे झाला), अॅग्रव्हेटेड (नोकरीने बळावला), नॉट कनेक्टेड (संबंध नाही) आणि शेवटी कारण. हृदयविकाराच्या बहुतेक फायलींत या कारणाच्या रकान्यात एखादंच वाक्य असतं: आजार पीस स्टेशनवर उद्भवला, फील्ड, हाय अल्टिट्यूड किंवा सीआय ऑप्सच्या (बंडखोरीविरोधी कारवायांच्या) ताणाशी जवळचा संबंध नाही, गाइडचा परिच्छेद ४७ पाहा. तुमचं सगळं अपील त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहायचं.

परिच्छेद ४७ म्हणजे ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स (मिलिटरी पेन्शन्स)’मधला इस्केमिक हार्ट डिसीजचा. बोर्ड त्याच्या आधारे नाकारतं, पण शारीरिक आणि मानसिक ताणाने हृदयविकार उद्भवू किंवा बळावू शकतो हे तोच परिच्छेद मानतो. रक्तवाहिनीतला अडथळा अटॅकच्या दिवशी तयार होत नाही, वर्षानुवर्षं साचत येतो. त्यामुळे पुण्यात अटॅक आला म्हणून आजार पुण्यात सुरू झाला, हा निष्कर्ष टिकत नाही. अपीलचा पहिला मुद्दा हाच करा आणि राष्ट्रीय रायफल्समधल्या पोस्टिंगच्या तारखा त्याखाली मांडा.

खडकी_बाजार:
वरच्या उत्तरात एक भर. वकिलांनी धरमवीर सिंग (सर्वोच्च न्यायालय, २०१३) दाखवला असेल. निकाल भक्कम आहे: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर प्रकृती नोकरीमुळे बिघडली असं धरायचं, शंकेचा फायदा सैनिकाला, आणि बोर्डाने उलट मत दिलं तर कारणं नोंदवायची. पण त्यातले नियम १९८२ चे होते. तुमचे वडील २०१६ चे, म्हणजे २००८ चे एन्टायटलमेंट रूल्स (पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम). त्यांत ‘नोकरीत आजार दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे ठरत नाही’ असं स्पष्ट वाक्य आहे आणि सरकारी वकील तेच वाचून दाखवतात. सोबत दामोदरन (२००९) असतोच, वैद्यकीय बोर्डाच्या मताला प्राधान्य देणारा. तेव्हा नुसत्या धरमवीरवर विसंबू नका, पोस्टिंगचा पुरावा हवाच.

त्याच २००८ च्या नियमांत तुमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे. हक्क सिद्ध करायला दावेदाराला सहसा सांगितलं जात नाही. मात्र निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून दावा केला आणि तोवर जपणुकीची मुदत संपून कागद नष्ट झाले, तर ओझं दावेदारावर येतं. तुमच्यासाठी ते वर्ष २०३१. आरटीआय आजच टाका.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी: २१ सप्टेंबर २०२३ किंवा नंतर निवृत्त झालेल्यांना २०२३ चे वेगळे नियम लागतात. वरचं जसंच्या तसं उचलू नका.)

दादा_कॅम्पवाले:
थेट एएफटीचा सल्ला धोक्याचा आहे. एएफटी कायदा २००७, कलम २१: उपलब्ध अपिलं संपवल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज घेत नाही. तेव्हा आधी फर्स्ट अपील, रेकॉर्ड ऑफिसमार्फत, स्पीड पोस्टने, पोचपावती जपून. नकारानंतर सहा महिन्यांची मुदत होती, ती गेली आहे. म्हणून उशीर माफ करण्याची विनंती आणि त्याचं खरं कारण पहिल्याच पानावर लिहा. तेही नाकारलं तर सेकंड अपील. सहा महिने काहीच उत्तर आलं नाही तर कलम २१ प्रमाणेच पुढचा रस्ता मोकळा होतो, कायमचं वाट बघत बसायचं नाही. अंतिम नकार आला की एएफटीसाठी पुन्हा सहा महिने. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणच्या खंडपीठात जाऊ शकतो, पुण्याला मुंबई खंडपीठ. स्वतः उभं राहून बाजू मांडायचीही मुभा आहे. अपिलाचा मसुदा दाखवून घ्यायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

फाइलवाचक:
मागणीच्या परिच्छेदात बहुतेक जण घसरतात, म्हणून आकड्याने सांगतो. १०० टक्के अपंगत्वाला डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. समजा हिशेबाचा पगार ५०,००० होता, तर १०० टक्क्यांना १५,००० आणि ३० टक्क्यांना ४,५००. ब्रॉड बँडिंगने (टक्केवारी वरच्या टप्प्यावर राउंड ऑफ करण्याने) ३० टक्के ५० धरले जातात, मग ७,५००. महागाई भत्ता त्यावर वेगळा. मूळ सरकारी पत्रात (३१ जानेवारी २००१) ही सवलत इनव्हॅलिड आउट झालेल्यांनाच (आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच) होती. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ती मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या राम अवतार निकालाने (१० डिसेंबर २०१४) ठरलं. म्हणून ‘३० टक्के डिसॅबिलिटी एलिमेंट आजीवन, राउंड ऑफ करून ५० टक्के’ असं दोन्ही मागा. फक्त पहिलं मागितलं तर दुसऱ्यासाठी पुन्हा केस करावी लागते. थकबाकी २०१६ पासूनची मागा, पण तरसेम सिंग (२००८) निकालाचा आधार घेऊन ती अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरती कापली जाऊ शकते. प्रत्येक महिन्याच्या उशिराने हातची रक्कम जाते ती अशी.

वानवडीकर:
सगळ्यांचे आभार. एकच शंका. डिस्चार्ज समरीत ‘स्मोकर’ लिहिलंय. तो कागद लावला नाही तर?

खडकी_बाजार:
लावा. बोर्डाच्या फाइलमध्ये तो आधीच आहे, तुम्ही वगळलात तर बाकीच्या कागदांवरचाही विश्वास जातो. सिगारेट हा जोखमीचा एक घटक झाला. त्याने फार तर ‘नोकरीमुळे झाला’ हा मुद्दा कमकुवत होतो, ‘नोकरीने बळावला’ हा मुद्दा उभाच राहतो, आणि पेन्शनला तेवढा पुरतो. म्हणून अपिलात दोन्ही मुद्दे ‘किंवा’ घालून मांडा. काश्मीरच्या आधीच्या आणि नंतरच्या वार्षिक मेडिकलमधलं वजन, बीपी आणि लिपिडचे आकडेही काढून घ्या. काश्मीरला जाण्याआधीचे आकडे बरे आणि परतल्यावरचे बिघडलेले दिसले, तर ते दोन कागद एकाखाली एक लावा.