मेलॅनोमा: एच अँड ईवर मायटोसिस शून्य, पीएचएच३वर पाच. रिपोर्टमध्ये काय लिहायचं?

बायोप्सी_डेस्क: पाठीवरचा मेलॅनोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर), ब्रेस्लो (गाठीची जाडी) ०.७ मिमी, अल्सरेशन (वरची त्वचा फुटणं) नाही, पिगमेंट भरपूर. एच अँड ईवर (नेहमीचा स्टेन) डर्मिसमध्ये (त्वचेचा आतला थर) एकही मायटोसिस (विभागणारी पेशी) नाही. पीएचएच३ला (फॉस्फेट चढलेला हिस्टोन एच३ दाखवणारी, म्हणजे विभागणाऱ्या पेशी दाखवणारी अँटीबॉडी; सेरीन १०, क्रोमोजेन म्हणजे रंगद्रव्य डॅब) हॉटस्पॉटमध्ये (सगळ्यात जास्त मायटोसिसची जागा) पाच न्यूक्लिअस तपकिरी. ५ प्रति चौ. मिमी लिहू का? मग स्टेजिंगमध्ये टी१ए ऐवजी टी१बी होईल?

लाल_क्रोमोजेन: आधी ते पाच न्यूक्लिअसच आहेत ना, ते बघा. डॅब तपकिरी, मेलॅनिनही तपकिरी. मेलॅनोफेज (मेलॅनिन गिळलेल्या पेशी) हमखास फसवतात. पुढचा सेक्शन लाल क्रोमोजेनवर लावा. रंग उमटवायला अल्कलाइन फॉस्फटेज वापरणार असाल तर धुवायला पीबीएस (फॉस्फेट बफर) नको, टीबीएस (ट्रिस बफर) घ्या. पीबीएसमधलं फॉस्फेट त्या एन्झाइमलाच दाबतं, रंग फिका येतो आणि दोष बिचाऱ्या अँटीबॉडीवर जातो. कंट्रोलला टॉन्सिल ठेवा, जर्मिनल सेंटरमधले मायटोसिस ठळक दिसायला हवेत.

डर्मपॅथ_४०एक्स: टी१बी नाही. एजेसीसीच्या (कॅन्सर स्टेजिंगची नियमावली) ७व्या आवृत्तीत झालं असतं; ८वीत (२०१८पासून लागू) टी१चे भाग जाडी आणि अल्सरेशनवरच पडतात. म्हणजे हा टी१ए. मायटोटिक रेट मात्र नोंदवायचाच.

आता पाचाचं. ऑरोरा बी हे एन्झाइम हिस्टोनच्या सेरीन १०वर फॉस्फेट चढवायला लागतं ते जी२ (विभाजनाच्या आधीचा टप्पा) संपता संपता, सेंट्रोमिअरच्या (क्रोमोसोमचा जोड) आसपास. त्यामुळे न्यूक्लिअसचा पडदा शाबूत आणि आत नुसते सुटे ठिपके असतील तर सोडून द्या. गच्च गोळा किंवा पट्टी, कडा केसाळ, तोच मोजायचा. ॲनाफेजच्या (क्रोमोसोम दोन बाजूंना सरकतात तो टप्पा) दोन पट्ट्या म्हणजे एक मायटोसिस. शिवाय ती पेशी लिम्फोसाइट किंवा केराटिनोसाइटही असू शकते. शंका असेल तर मेलॅन-एसोबत (रंगपेशींची खूण) डबल स्टेन करा.

बायोप्सी_डेस्क: लालवर दोनच उरले. एक ठिपक्यांचा, एक मेटाफेज प्लेट (क्रोमोसोम मधोमध रांगेत आल्याची पट्टी). मेलॅन-ए डबल स्टेनमध्ये प्लेटवाली पेशी पॉझिटिव्ह.

डर्मपॅथ_४०एक्स: छान. आता ती जागा धरून एच अँड ई पुन्हा बघा, लागून असलेल्या लेव्हल (पुढचे-मागचे काप) सुद्धा. तिथे दिसला तर १ प्रति चौ. मिमी. रेट एच अँड ईवरचाच द्यायचा, पीएचएच३ फक्त बोट दाखवतं. नाहीच दिसला तर ० लिहा आणि पीएचएच३चा निकाल कॉमेंटमध्ये वेगळा द्या. आणि तुमच्या मायक्रोस्कोपच्या आयपीसचा फील्ड नंबर (आयपीसमधल्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) बघून घ्या: २२ असेल तर ४०एक्सला व्यास ०.५५ मिमी, म्हणजे १ चौ. मिमीला साधारण सव्वाचार फील्ड. दहा फील्ड मोजायची सवय इथे चालत नाही.